अर्धा कण एका यंत्राला दिसतो, अर्धा दुसऱ्याला: पुण्यातल्या एका उपकरण केंद्राबद्दल

कराडहून निघालेली एसटी स्वारगेटला लागली की मी बॅगेच्या आधी थर्माकोलचा डबा उचलते. आत जेलच्या गार पिशव्या, त्यांच्या मधोमध फडक्यात गुंडाळलेल्या सात-आठ एपेनडॉर्फ नळ्या, आणि प्रत्येक नळीत पातळ ताकासारखं दिसणारं एक मिलिलिटर पाणी. तीन आठवड्यांचं काम त्या डब्यात असतं.

हा डबा घेऊन गेल्या दोन वर्षांत मी अकरा वेळा पुण्यातल्या एका विद्यापीठीय उपकरण केंद्रात गेले आहे. आमच्या फार्मसी कॉलेजात सेंट्रिफ्यूज आहे, सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रावण हलवणारं यंत्र) आहे, यूव्ही आहे. नॅनोकण बनवता येतात, पण ते खरंच बनले का हे बघता येत नाही. त्यासाठी बाहेर जावं लागतं. माझ्यासारखे बरेच जण सातारा, सांगली, सोलापूर, नगरहून असेच डबे घेऊन येतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. केंद्राचं नाव देत नाही. यात तक्रारीही आहेत आणि त्याच माणसांबरोबर मला अजून वर्षभर काम करायचं आहे. शिवाय यातलं बरंचसं कुठल्याही केंद्रात लागू पडेल. कुठलं यंत्र कुठे आहे ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतं. मीही तिथूनच सुरुवात केली.

आधी माझं सॅम्पल काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सच्छिद्र सिलिकाचे कण बनवते आणि त्यांच्यावर प्रथिनाचा थर चढवते. सिलिका म्हणजे वाळूतलंच द्रव्य, पण रसायनातून मोठ्या काळजीने वाढवलेलं. एकसारखे गोल सिलिका कण बनवायची रीत श्टोबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दिली. साबणासारख्या रेणूंच्या साच्याभोवती सिलिका वाढवून तिला बारीक, नेमकी छिद्रं पाडता येतात हे मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं. माझी कृती या दोन्हींची पुढची पिढी: ४८० मिली पाण्यात एक ग्रॅम सीटॅब (हाच तो साबणासारखा रेणू), थोडं सोडियम हायड्रॉक्साइड, ८० अंशांवर जोरात ढवळत थेंबथेंब ५ मिली टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते द्रव), मग दोन तास. पाणी हळूहळू पांढरं होतं. ते पांढरं होताना मी आजही काम सोडून बघत उभी राहते.

त्यानंतर एपीटीईएस हे रसायन लावून कणाच्या बाहेरच्या अंगावर अमाइन, म्हणजे पाण्यात धन भार घेणारे नायट्रोजनचे गट, बसवायचे. हे सीटॅब छिद्रांत असतानाच करायचं, म्हणजे अमाइन फक्त बाहेर बसतात आणि छिद्रांच्या आतल्या भिंती मोकळ्या राहतात. मग आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये उकळून सीटॅब काढून टाकायचं. शेवटी बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. पीएच ७.४ ला अल्ब्युमिनवर ऋण भार असतो आणि अमाइनवाल्या कणावर धन, त्यामुळे प्रथिन आपणहून चिकटतं. एक गोष्ट मात्र मला दोन बॅच वाया गेल्यावर कळली: कणांच्या भांड्यात प्रथिन ओतायचं नाही, भरपूर प्रथिनाच्या भांड्यात कण सोडायचे. उलटं केलं तर सुरुवातीला प्रथिन कमी पडतं, एकच रेणू दोन कणांना धरतो आणि सगळ्याचा दह्यासारखा गठ्ठा होतो.

एवढा खटाटोप कशाला? उघड्या सिलिकाच्या पृष्ठभागामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात. प्रथिनाचा थर चढवला की ते बरंच कमी होतं. ही चाचणी मी आमच्याच कॉलेजात केली आणि फरक नुसत्या डोळ्यांना दिसला: एका नळीत वरचं पाणी लाल, दुसरीत जवळपास स्वच्छ. दुसरं म्हणजे छिद्रं अडीच नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि अल्ब्युमिनचा रेणू साधारण १४ बाय ४ बाय ४. तो आत जाऊच शकत नाही, तोंडावर झाकणासारखा बसतो. आत औषध, बाहेर झाकण. नुसत्या अल्ब्युमिनच्या कणांत बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध अमेरिकेत २००५ पासून रुग्णांना मिळतं आहे, म्हणजे अल्ब्युमिन शरीराला अनोळखी नाही. मला ज्या औषधासाठी हे करायचं आहे ते डॉक्सोरुबिसिन, तेही कर्करोगावरचंच. माझ्या आत्याला ते लागलं होतं. वॉर्डातले सगळे त्याला 'लाल सलाईन' म्हणायचे. दर काही सायकलनंतर तिच्या हृदयाचा एको काढायचे, कारण ते औषध हृदयाला बाधतं आणि आयुष्यात किती घ्यायचं याला मर्यादा असते. माझे कण रुग्णापासून अजून फार लांब आहेत, हे मला माहीत आहे. मी एका पायरीवर काम करते आहे आणि ती पायरी नीट व्हावी एवढंच माझ्या हातात आहे.

(पुण्याला नेते ती सॅम्पल्स औषध न भरलेली असतात. कर्करोगाचं औषध एसटीतून न्यायचं नसतं. केंद्राच्या अर्जावर तसं लिहून द्यावंही लागतं आणि ते बरोबरच आहे.)

आता केंद्र. मुख्य गोष्ट आधीच सांगते: प्रथिन आणि सिलिका यांचा असा जोडकण कुठल्याही एका यंत्राला पूर्ण दिसत नाही. एकाला त्याची बाहेरची हद्द दिसते, एकाला फक्त आतला दगड, एकाला फक्त वजन. तुमच्या हातात आलेला आकडा कणाच्या कुठल्या भागाचा आहे हे सांगणारा माणूस त्या यंत्रापाशी बसलेला असेल तर ते केंद्र चांगलं. या कसोटीवर हे केंद्र तीन विभागांत उत्तम आहे आणि एका विभागात वाईट.

सर्वांत उत्तम म्हणजे डीएलएस (पाण्यातल्या कणांचा आकार मोजणं) आणि झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचा अंदाज घेणं). तळमजल्यावरच्या छोट्या वातानुकूलित खोलीत या दोन्हींचं यंत्र, झेटासायझर, आहे आणि तिथे जे गृहस्थ बसतात त्यांना आख्खं केंद्र 'काका' म्हणतं. पहिल्या खेपेला मी माझे कण ओव्हनमध्ये वाळवून, पुडी करून, मोठ्या अभिमानाने घेऊन गेले होते. तिथे पाण्यात टाकले, अर्धा तास सोनिकेट केले. यंत्राने दाखवलं १,४०० नॅनोमीटर. मला अपेक्षित होतं शंभरच्या आसपास. माझा चेहरा उतरला.

काकांनी स्क्रीनकडे न बघताच विचारलं, "मॅडम, वाळवलं होतं का?"

"हो काका."

"मग हे कण नाहीत, ढेकळं आहेत. सिलिका एकदा कोरडी झाली की एकमेकींना धरून बसते, मग कितीही हलवा. पुढच्या वेळी ओलंच आणा. सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसलेलं काढून लगेच बफरमध्ये सोडायचं. आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका, फक्त गार ठेवा."

त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले, नियमच आहे. पण नंतर पाऊण तास त्यांनी मला रिपोर्ट वाचायला शिकवला, त्याचं बिल कुठे नव्हतं. डीएलएस म्हणजे लाल लेझर सॅम्पलमधून जातो आणि पाण्यात कणांची जी थरथर चालते तिच्यामुळे परत येणारा प्रकाश चमचमतो. लहान कण भराभर हलतात, मोठे सावकाश. यंत्र त्या चमचमण्याचा वेग मोजतं आणि त्यावरून आकार काढतं. काका म्हणाले, आकडा शेवटी बघायचा, आधी कोरेलोग्राम, म्हणजे चमचमणं किती लवकर बदलतं त्याचा आलेख, बघायचा. ती रेषा सुरुवातीला सपाट आणि मग एकाच गुळगुळीत उतारावर खाली आली तर सॅम्पल चांगलं. शेवटी शेपटीला उंचवटा दिसला तर आत धूळ किंवा गुठळ्या आहेत, मग सरासरी कितीही सुंदर येवो. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मी फक्त ठळक छापलेला आकडा वहीत उतरवत होते.

दुसरी शिकवण त्याहून मोठी. कणाने परत फेकलेला प्रकाश त्याच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढतो. शंभर नॅनोमीटरचा एक कण दहा नॅनोमीटरच्या कणापेक्षा दहा लाख पट जास्त उजळतो. आता मोकळं अल्ब्युमिन पाण्यात सातेक नॅनोमीटरचं. म्हणजे माझ्या सॅम्पलमध्ये न चिकटलेलं प्रथिन तरंगत असलं तरी डीएलएसला ते दिसणारच नाही. एकच स्वच्छ पीक येणार आणि मी खूश होणार. काका म्हणाले, "वरचं पाणी वेगळं काढून ब्रॅडफर्ड करा. प्रथिन चिकटलं किती आणि सुटं राहिलं किती, ते माझं मशीन नाही सांगणार." (ब्रॅडफर्ड म्हणजे प्रथिनाचं प्रमाण मोजायची रंगाची चाचणी.) स्वतःच्या यंत्राची हद्द इतक्या मोकळेपणाने सांगणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. तेव्हापासून मी कण तीनदा धुते आणि तिसऱ्या धुण्याचं पाणीही तपासते.

ओले कण नेल्यावर आकडे असे आले: उघडी सिलिका १२८, अल्ब्युमिन चढल्यावर १५१ नॅनोमीटर, पीडीआय (कण किती एकसारखे आहेत ते सांगणारा आकडा, लहान तितका चांगला) ०.१२ ते ०.१६. व्यासात २३ ची वाढ म्हणजे प्रत्येक बाजूला साडेअकरा. अल्ब्युमिनचा रेणू आडवा असला तर चार, उभा असला तर चौदा. त्यात त्याच्यासोबत फिरणारं पाणीही धरायचं. म्हणजे थर साधारण एका रेणूचा, काही उभे काही आडवे. अशी अर्थ लागणारी संख्या पहिल्यांदा आली तेव्हा मी काकांच्या टेबलाजवळच्या स्टुलावर नुसती बसून राहिले.

झीटासाठी एकच सल्ला देते, तोही त्यांचाच. पीबीएसमध्ये, म्हणजे मीठ घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), सॅम्पल नेऊ नका. त्यात मीठ इतकं असतं की व्होल्टेज दिल्यावर सेल तापतो, इलेक्ट्रोड काळे पडतात, त्यांना लागून असलेलं प्रथिन बिघडतं आणि दर रीडिंगला आकडा सरकत जातो. मी नेलं होतं, सेल खराब झाला आणि त्याचे वेगळे पैसे पडले. दहा मिलिमोलर फॉस्फेटमध्ये, पीएच मोजून, न्या. माझ्याकडे उघडी सिलिका उणे २८ मिलिव्होल्ट, अमाइन लावल्यावर अधिक २४, अल्ब्युमिन चढल्यावर उणे १७. खाली, वर, परत खाली. प्रत्येक पायरी झाली याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. रिपोर्टवर पीएच आणि बफर लिहून घ्या, त्याशिवाय झीटाच्या आकड्याला अर्थ नाही.

या विभागाला पाचपैकी पाच. काही केंद्रं सांगितलं तर इंटेन्सिटीऐवजी (प्रकाशाच्या वाट्यानुसार आकार) नंबर डिस्ट्रिब्युशन (कणांच्या संख्येनुसार आकार) छापून देतात, कारण त्यात आकडा लहान आणि देखणा येतो. इथे मी एकदा बाळबोधपणे ते मागितलं तर काकांनी दोन्ही दिले, आणि वर पेनने लिहून दिलं की पेपरात इंटेन्सिटी आणि झी-अ‍ॅव्हरेजच द्यावं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने फोटो काढणारा सूक्ष्मदर्शक, वरच्या मजल्यावर. तिथल्या मॅडम कमी बोलतात, पण त्यांचा हात सोन्याचा आहे. सकाळी मशीनमध्ये द्रव नायट्रोजन भरल्यावर दिवस सुरू होतो आणि तुमचा स्लॉट तासाभराचा. तीन मिलिमीटरची तांब्याची जाळी, तिच्यावर कार्बनचा पातळ पापुद्रा, त्यावर सॅम्पलचा एक थेंब. माझा पहिला थेंब वाळल्यावर पडद्यावर काय आलं? चौकोनी ठोकळे. सगळीकडे ठोकळे. पीबीएसमधलं मीठ वाळून स्फटिक झालं होतं आणि माझे कण त्याखाली गाडले गेले होते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शेवटचं धुणं शुद्ध पाण्याने करा." तासाचे पैसे गेले. दोष त्यांचा नव्हता, पण बुकिंगच्या वेळी मिळणाऱ्या पानावर हे एक वाक्य छापलं असतं तर माझ्यासारख्या कितीजणांचे तास वाचले असते. ते आजही छापलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला सिलिका दिसली आणि काय दिसली! ९५ नॅनोमीटरचे गोल, प्रत्येकात बारीक छिद्रांच्या समांतर रेघा, एखाद्या ठिकाणी मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पण प्रथिनाचा थर कुठेच नाही. मी घाबरले. मॅडमनी समजावलं की प्रथिन म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, आणि खालचा पापुद्राही कार्बनचाच. इलेक्ट्रॉनला दोन्ही सारखेच, तो वेगळं दाखवणार कसं? त्यासाठी निगेटिव्ह स्टेन करावा लागतो: जड धातूचं द्रावण भोवती पसरवायचं, म्हणजे प्रथिन उजळ कडा होऊन उठून दिसतं. त्यांच्याकडे नेहमी युरेनिल अ‍ॅसिटेट वापरतात. ते आम्लधर्मी असतं, पीएच चार-साडेचारच्या आसपास, आणि अल्ब्युमिनचा भार शून्य होतो तो पीएच ४.७. म्हणजे नेमकं त्याच जागी माझं प्रथिन गोळा होऊन कणावरून सुटायची भीती. मी हे भीतभीतच बोलले. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, मग फॉस्फोटंगस्टिक आम्ल घेऊ, एक टक्का, पीएच सातला आणून. तेव्हा दिसलं. प्रत्येक काळ्या गोळ्याभोवती चार-पाच नॅनोमीटरची फिकट किनार.

डीएलएसमधले साडेअकरा आणि इथले पाच, यात विरोध नाही. इथे सगळं निर्वातात वाळलेलं आहे आणि पाणी गेलेलं आहे. पण मार्गदर्शकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तुम्हालाही विचारतील.

टीईएममध्ये एक सवय लावून घ्या: सुंदर दिसणाऱ्या एकाच कोपऱ्याचे फोटो घेऊन उठू नका. जाळीच्या निदान चार-पाच वेगळ्या घरांतून फोटो मागा आणि शंभराहून जास्त कण मोजा. मॅडम कंटाळत नाहीत. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला उशीर होईल," तर म्हणाल्या, "तू कराडहून आलीस ना, मग मोजूनच जा." मला अहोजाहो करणाऱ्या मॅडम त्या दिवसापासून मला अगं म्हणतात.

साडेचार देते. अर्धा गुण जातो तो प्रतीक्षेमुळे. स्लॉट पाच-सहा आठवड्यांनी मिळतो, आणि माझे कण फ्रिजमध्ये जेमतेम दोन आठवडे नीट राहतात. नंतर प्रथिन सुटू लागतं. मी आता उलट हिशेब करते: आधी स्लॉट घ्यायचा, मग त्या तारखेपासून मागे मोजत जायचं. अल्ब्युमिन चार दिवस आधी, सीटॅब काढणं आठवडाभर आधी, सिलिका त्याच्याही आधी. कॅलेंडरवर लग्नघरासारखी यादी असते.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो त्यावरून रासायनिक बंध ओळखणं, इथे सोपं, स्वस्त आणि त्याच दिवशी होतं. १६५० आणि १५४० जवळ प्रथिनाचे अमाइड पट्टे, १०८० जवळ सिलिकाचा रुंद पट्टा. दोन्ही आहेत एवढंच ते सांगतं. किती आहेत ते सांगत नाही.

किती आहेत, हे टीजीए सांगतं, पण इथे सांभाळून. सॅम्पल हवेत ८०० अंशांपर्यंत तापवत त्याचं वजन बघत राहायचं: प्रथिन जळून जातं, सिलिका उरते. केंद्र तुम्हाला आलेख देतं आणि वजन किती टक्के घटलं तो आकडा देतं, तेवढंच. पाण्याचं वजन वगळल्यावर माझ्या अमाइनवाल्या कणांची घट ११ टक्के आणि अल्ब्युमिनवाल्यांची २४ टक्के. मी सरळ वजाबाकी केली आणि वहीत लिहिलं: प्रथिन १३ टक्के. ते चूक होतं. दुसऱ्या सॅम्पलमध्ये सिलिका उरली ७६ टक्के, आणि पहिल्यात ८९ ला ११ हे प्रमाण होतं, तर ७६ च्या वाट्याला अमाइन वगैरे येतात सुमारे ९.४. चोविसातून ते वजा केले की प्रथिन १४.६ टक्के. फरक लहान दिसतो, पण पुढे औषधाचं प्रमाण याच आकड्यावर उभं राहतं.

या संख्येचा ताळा माझा मीच केला आणि त्या संध्याकाळचा आनंद मला अजून आठवतो. ९५ नॅनोमीटरच्या गोलाचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण २८,००० वर्ग नॅनोमीटर. आडव्या अल्ब्युमिनला जागा लागते १४ गुणिले ४, म्हणजे ५६. म्हणजे एका कणावर आडवे रेणू मावतात सुमारे पाचशे. त्यांचं वजन कणाच्या मानाने काढलं तर अकरा टक्क्यांच्या आसपास येतं. टीजीए म्हणतं साडेचौदा. म्हणजे थर आडव्या रेणूंच्या एका थरापेक्षा थोडा दाट, काही रेणू उभे. डीएलएसने आधी हेच सुचवलं होतं! वेगवेगळ्या खोल्यांतली दोन यंत्रं, एकाने थरथर मोजली, एकाने राख मोजली आणि दोघांचं म्हणणं जुळलं.

एक सूचना: सॅम्पल फ्रीझ-ड्राय करताना ट्रेहॅलोज ही साखर घातली असेल तर ते टीजीएला देऊ नका. साखरही जळते आणि प्रथिनात मोजली जाते. अर्जावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. आलेखाचं नुसतं चित्र न घेता कच्चा डेटा मागून घ्या. न मागता मिळत नाही. टीजीएला साडेतीन.

आता तक्रार. बीईटी, म्हणजे छिद्रांसकट कणांचं एकूण क्षेत्रफळ. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन सॅम्पलवर बसवून ते मोजतात. त्यासाठी आधी सॅम्पल निर्वातात तापवून त्यातलं पाणी, वायू काढून टाकतात. उघड्या सिलिकासाठी हे चांगलंच झालं, ग्रॅममागे ९५० चौरस मीटर आलं. चमचाभर पांढऱ्या पुडीत दोन-चार टेनिस कोर्टं! पण अल्ब्युमिनवालं सॅम्पलही त्यांनी मला न विचारता नेहमीच्याच १५० अंशांवर रात्रभर ठेवलं. परत मिळालं ते तपकिरी होतं, भाजलेल्या रव्यासारखं. प्रथिन करपून गेलं होतं आणि करपलेल्या थराचं क्षेत्रफळ त्यांनी मला व्यवस्थित छापून दिलं, सहीशिक्क्यासह. त्यासाठी शंभर मिलिग्रॅम लागले होते. माझ्या दोन पूर्ण बॅच.

मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "अर्जात तापमान लिहिलेलं नाही." अर्जात तापमानाचा रकानाच नाही. मी लेखी तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत, दुसऱ्यांदा मोफत मोजून द्यायलाही नकार. मला पैशापेक्षा त्या रिपोर्टचं वाईट वाटलं. मी नवखी असते आणि सॅम्पल परत मागितलं नसतं, तर तो आकडा माझ्या प्रबंधात गेला असता आणि कुणाला कधीच कळलं नसतं. ज्या इमारतीत काका स्वतःच्या यंत्राला काय दिसत नाही ते सांगतात, त्याच इमारतीत हे घडतं. पुढच्या वेळी मी अर्जाच्या समासात लाल पेनने लिहिलं: सॅम्पलमध्ये प्रथिन आहे, ४० अंशांच्या वर तापवू नये, हवं तर वेळ जास्त घ्यावा. तेव्हा त्यांनी तसं केलं आणि क्षेत्रफळ घटलेलं दिसलं, म्हणजे झाकणं बसली आहेत हे कळलं. बीईटीला दोन. रकाना वाढवला तर मी हे बदलून लिहीन.

सीडी, म्हणजे प्रथिनाची घडी शाबूत आहे का हे बघायचं यंत्र, मला दोनदाच मिळालं. २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन दऱ्या दिसल्या की अल्ब्युमिनची वेटोळी टिकून आहेत. माझ्या कणांवर त्या जराशा उथळ झाल्या, पण गेल्या नाहीत. इथेही क्लोराइडवाला बफर चालत नाही, आणि सॅम्पल अगदी पातळ न्यावं लागतं, नाहीतर सिलिकाच प्रकाश विखरून टाकते. त्या विभागात तरुण मुलगा आहे, मेहनती आहे, पण नायट्रोजनचा सिलिंडर संपला की काम थांबतं. निघण्याआधी फोन करून विचारा. मी एकदा न विचारता गेले आणि साडेतीन तासांचा प्रवास करून परत आले.

पैशाचं सांगायचं तर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला सवलतीचा दर आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी. मला डीएलएस आणि झीटा मिळून सॅम्पलमागे आठशेच्या आत पडले, टीईएमचा तास अडीच हजारांच्या आसपास. मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र मूळ प्रत लागतं, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. ऑफिस एक ते दोन बंद असतं, म्हणून कराडहून पहाटेची गाडी धरून अकराच्या आत पोचा, आधी पावती करा, मग खाली काकांकडे जा. दुपारच्या गर्दीत ते शिकवू शकत नाहीत, आणि ते शिकवतात त्यासाठीच तर मी जाते.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा आमच्या ज्युनियर मुलीला बरोबर नेलं. तिच्या डब्यात वाळवलेली पुडी होती. मी गाडीतच पाहिली, पण बोलले नाही. काकांनी क्युव्हेट आत ठेवला, झाकण लावलं, तापमान स्थिर व्हायला दोन मिनिटं थांबले आणि स्क्रीनकडे न बघता विचारलं, "मॅडम, वाळवलं होतं का?"

सॅम्पल पंधरा दिवसांनी फेकून देतात. परत हवं असेल तर पावतीच्या मागे तसं लिहा आणि खाली सही करा.